उलले म्हणायचं नाही

उमाठे सरांच्या ओपीडीत 'उलले' या शब्दाला बंदी होती. थंडीत ओठ उलतात, म्हणजे फुटतात, उन्हात उलतात, पाणी कमी प्यायलं की उलतात, हे आम्हा नागपूर-वऱ्हाडकडच्या माणसांना वेगळं शिकवावं लागत नाही. घरी म्हणा, रस्त्यात म्हणा, पण केसपेपरवर लिहायचं नाही. मला हे पहिल्याच दिवशी कळलं आणि चारचौघांत कळलं.

मी वर्ध्याची. नवऱ्याची बदली या नव्या राजधानीत झाली, त्याच्यामागे मीही रायपूरला आले. राज्य नवीन, पाट्या नवीन, साहेब नवीन. जुनं होतं ते फक्त ऊन. इथल्या एका दंतमहाविद्यालयात मुखरोग विभागात मला जागा मिळाली. विभागप्रमुख डॉक्टर उमाठे मराठी आहेत हे ऐकून हायसं वाटलं होतं. ते हायसं वाटणं सकाळी अकरा वाजेपर्यंत टिकलं.

माझा पहिला पेशंट वीटभट्टीवर काम करणारा माणूस होता. "ओंठ फाट गे हे, बाई," एवढंच तो म्हणाला. खालचा ओठ कोरडा, पापुद्रे सुटलेले. मी लिहिलं, खालचा ओठ उललेला, मलम दिलं. मागून एक हात आला, लाल पेन आलं आणि माझ्या शब्दावर आडवी रेघ ओढली गेली.

"बाई, उलले हे कोण म्हणते? पेशंट म्हणते. पेशंटचंच म्हणणं लिहायचं असन तं तुमची गरज काय हाये? पेन त्यालेच द्या न."

विद्यार्थी हसले. मी कानापर्यंत लाल झाले. सरांनी त्या माणसाला खुर्चीवरून उठवलं आणि बाहेर व्हरांड्यात नेलं. हा व्हरांडा उत्तरेकडचा. तिथे दिवसभर सावली, पण उजेड स्वच्छ. सरांचा दिव्यावर विश्वासच नव्हता. "दिव्याखाली सगळंच गुलाबी दिसते," म्हणायचे. व्हरांड्यातल्या सिमेंटच्या कट्ट्यावर पेशंटला बसवायचं आणि सर समोर स्टुलावर. मराठी पोरांनी त्या कट्ट्याचं नाव 'ओठांचा ओटा' ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं, पण कुणी तोंडावर म्हटलं की डोळे वटारत.

त्या दिवशी त्यांनी त्या माणसाला आधी चूळ भरायला लावली. मग खिशातून गॉजचा तुकडा काढून ओठ पुसला, अगदी कोरडा केला. तेल, तूप, थुंकी, पान, यातलं काही ओठावर असेल तर तो ओठ आपल्याशी खोटं बोलतो, असं त्यांचं मत. मग 'ई' म्हणायला लावलं, मग 'ऊ'. ओठ ताणला, सैल सोडला. ओठाचा लाल भाग संपून चामडी सुरू होते तिथे एक स्पष्ट कड असते. ती कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांनी पाहिली आणि मला म्हणाले, "इथं सांगा, ओठ कुठं संपला?" मला सांगता येईना. एका ठिकाणी ती कड पुसलेली होती. लाल आणि काळं एकमेकांत मिसळून मधे राखाडी-पांढरं काहीतरी झालं होतं. मग मला हातमोजा घालायला लावून त्यांनी माझं बोट धरलं आणि त्या ओठावरून फिरवलं. खरखर लागली, पॉलिश पेपरसारखी.

"उललेला ओठ भरते. हा भरत नाही. जे उन्हानं आतून मारलं ते मलमानं वरून जित्तं होत नाही. हा अजून कॅन्सर नाही, पण त्या गावाची वाट धरलेली हाये. दोन हप्ते विडी बंद, ओठाला सावली, मलम, अन् मग परत इथंच. दोन हप्त्यात नाही भरलं अन् तरी जो डॉक्टर दुसरी ट्यूब लिहिते, तो डॉक्टर नव्हे, ट्यूबवाल्याचा एजंट."

दोन हप्ते हा त्यांचा मंत्र होता. केसपेपरच्या कोपऱ्यात ते पंधराव्या दिवसाची तारीख लिहीत, तिच्याभोवती गोल करत. आणि त्या तारखेला माणूस आला नाही तर सरांचं डोकं फिरत असे.

सर उंच होते आणि सतत वाकून पाहिल्यामुळे पाठीत पोक आलं होतं. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी गॉजचे तुकडे. सगळ्यात विचित्र सवय म्हणजे ते माणसाच्या डोळ्यांत पाहून बोलत नसत, ओठांकडे पाहून बोलत. नव्या माणसाला वाटे, आपल्या तोंडाला काहीतरी लागलंय. त्यांच्याशी बोलताना आमचे अधिष्ठाता तर मिनिटाला रुमाल काढत. एकदा मीच सांगितलं, "सर, समोरच्याला अवघडल्यासारखं होतं." ते म्हणाले, "होऊ द्या. डोळे सगळेच पाह्यतात, ओठ कोणी पाह्यत नाही."

एक ट्रॅफिक हवालदार होता, साहू नावाचा. मोठ्या चौकात भर उन्हात उभा राहणारा. त्याच्या ओठावर पांढरा डाग. सरांनी पंधराव्या दिवसाची तारीख दिली आणि हा गडी गायब. सोळाव्या दिवशी सर मला म्हणाले, "चला बाई, चहा पिऊन येऊ." चहाच्या टपऱ्या मागे पडत गेल्या आणि आम्ही थेट त्या चौकात पोचलो. सर गाड्यांच्या मधून सरळ साहूच्या ओट्यावर चढले. "मुंह इधर कर," म्हणाले. साहूने शिट्टी तोंडातून काढली. चारही बाजूंनी हॉर्न वाजतायत, एक बस अडकली आहे, कुणी सरांना शिव्या घालतंय, आणि सर खिशातलं गॉज काढून हवालदाराचा ओठ पुसतायत. "भैया, ड्यूटी पे हूं, साहब लोग देखेंगे," तो काकुळतीने म्हणाला. "देखने दे. तेरे साहब का होंठ नहीं है," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साहू आला, बायोप्सी झाली, थोडा भाग काढावा लागला आणि माणूस वाचला. पुढे दिवाळीला तो मिठाईचा डबा घेऊन आला, तेव्हा सरांनी आधी त्याचा ओठ पाहिला आणि मग डबा घेतला.

दुसरी आठवण नवा रायपूरची. मंत्रालयाच्या बाजूला इमारती उठत होत्या, रस्ते माणसांपेक्षा रुंद होते आणि सावली म्हणून काही नव्हतीच. तिथे विटा-रेती वाहणाऱ्या बाया, इथे त्यांना रेजा म्हणतात, त्यांच्यासाठी आम्ही शिबिर घेतलं. बाया ओळीने बसल्या आणि सर समोर आले तशी सगळ्यांनी लुगड्याचा पदर तोंडावर घेतला. पुरुष डॉक्टर, तोही ओठाला हात लावणार. आमचे पुरुष विद्यार्थी घाम पुसत उभे राहिले. सर विटांच्या ढिगावर बसले आणि त्या बायांतली सगळ्यात म्हातारी हेरली. तिला म्हणाले, "दाई, पहिली तैं मोर ओंठ ला देख." सगळ्या बाया हसल्या. म्हातारीने खरंच त्यांचा ओठ चाचपला आणि चांगला आहे म्हणून निकाल दिला, "बने हे." मग सरांनी तिचा पाहिला. मग एकेकीचा, प्रत्येक वेळी तिच्या लेकीला किंवा जावेला शेजारी उभी करून. तासाभरात सत्तावीस ओठ पाहिले. एकीला हेरलं, तिला सरकारी गाडीत घालूनच आणलं.

परतताना गाडीत म्हणाले, "लाज पेशंटले नसते, बाई. लाज आपल्याले असते, अन् आपण ती त्याच्या नावावर खपवतो."

मी हे वाक्य त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं होतं. आता ती वही उघडवत नाही.

भाद्रपदात सरांच्या घरी महालक्ष्म्या बसत. घर चौबे कॉलनीत. सरांची आई, तिला सगळे माय म्हणत, ऐंशीच्या पुढची, पण घरात तिचाच शब्द चाले. सरांचे वडील रेल्वेत, घर आधी इथल्याच गुढ़ियारीला. थोरला शिकून डॉक्टर झाला, धाकटा वडिलांमागे रेल्वेत रुळांवर गँगमन म्हणून लागला. तो धाकटा भाऊ अपघातात गेला होता आणि त्याची जागा अनुकंपेवर त्याच्या बायकोला मिळाली होती. गुढ़ियारीच्या जुन्या घरात ती आपल्या पिंकी नावाच्या मुलीबरोबर राहायची आणि महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत चौबे कॉलनीत राबायची. तिचं नाव वंदना; पण सर तिचा उल्लेख 'पोट्टीची माय', म्हणजे पोरीची आई, असाच करत.

पहिल्या वर्षी जेवायला गेले तेव्हा मी एक गंमत पाहिली. पुरुषांची पंगत बसलेली, वंदनाताई वाढत होती, तोंडावर हनुवटीपर्यंत पदर. आंबील वाढत वाढत ती सरांच्या पानाशी आली, थांबली, भांडं काकूंच्या हातात दिलं आणि पुढच्या पानाला पुन्हा आपल्या हातात घेतलं. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. मी त्यांना हळूच विचारलं, हे काय?

"अहो, ते तिचे भासरे न," काकू म्हणाल्या. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. त्याच्यासमोर तोंड उघडं टाकायचं नाही, त्याच्याशी सरळ बोलायचं नाही, त्याची सावलीही अंगावर घ्यायची नाही. "माय हाये तोवर हे असंच."

मला हसू आलं. इतके शिकलेले सर आणि घरात हे नाटक! पण पाहुणीने किती बोलायचं. बायकांची पंगत बसली, पुरुष बाहेर गेले, तसा वंदनाताईने पदर मागे घेतला. गोरी, घारी, उन्हाने करपलेली बाई. खालच्या ओठावर तूप चमकत होतं आणि तुपाखाली काहीतरी पांढरट दिसलं. मी विचारलं, "ताई, ओठाला काय झालं?"

"उलले हो. रुळावर ऊन लई लागते न. भाऊजी दर उन्हाळ्यात मलम धाडतात."

सर मलम पाठवतात म्हणजे डॉक्टर म्हणून तरी सरांनी पाहिलंय. मला काय कळतंय त्यांच्यापेक्षा? मी पुरणपोळी वाढून घेतली. हा माझा भाग आहे आणि तो मी कुणावर ढकलत नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा गेले. या खेपेला वंदनाताई जेवायलाच बसली नाही. मागच्या अंगणात भांडी विसळत होती; मी हात धुवायला गेले तर पुरणपोळीचा तुकडा तोंडात घातल्याबरोबर तिने डोळे मिटले आणि तुकड्यावर रक्त आलं. भर दुपारचा उजेड होता. मी तिला नळाशीच बसवलं, ओठावरचं तूप माझ्या रुमालाने पुसलं. कड कुठेच नव्हती. डाव्या बाजूला पांढरा चट्टा, त्यात उभी भेग, आणि बोट फिरवलं तर भाकरीत खडा लागावा तसं काहीतरी कडक. मग मी तिच्या जबड्याखाली हात घातला. तिथेही एक गाठ होती.

"दुखते का?"

"नाई जी. दुखत नाई म्हून तं ध्यान दिलं नाई."

सर फाटकापाशी पाहुण्यांना निरोप देत होते. पाहुणे गेले तशी मी त्यांना सगळं सांगितलं, ओपीडीत सांगते त्याच क्रमाने. ते नेहमीप्रमाणे माझ्या ओठांकडे पाहत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "म्या पाह्यलं नाई."

"काय पाहिलं नाही, सर?"

"तिचं तोंड. लग्न झाल्यापासून. एकोणीस वर्षं झाले, म्या तिचं तोंड पाह्यलं नाई, बाई."

"मग मलम?"

"माय म्हने, पोट्टीच्या मायचे होट उलले. म्या ट्यूब धाडली. तीन उन्हाळे." सरांच्या तोंडून मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला. त्यांना ते कळलं की नाही, कुणास ठाऊक.

मला त्या क्षणी त्यांचा इतका संताप आला की मी तिथूनच रिक्षा केली. परक्या हवालदाराचा ओठ पुसायला भर चौकात चढणारा माणूस! सत्तावीस रेजांचे ओठ चाचपणारा माणूस! आणि घरात दर सणाला चार हातांवर वावरणारी बाई, तिच्यावर पदराआडून इलाज? त्या संतापात माझा स्वतःवरचाही राग मिसळलेला होता, हे घरी पोचल्यावर समजलं.

सोमवारी वंदनाताई ओपीडीत आली, पिंकीला सोबत घेऊन. सरांनी तिला व्हरांड्यातच बसवायला सांगितलं. ती कट्ट्यावर बसली, पदर हनुवटीपर्यंत. सर नेहमीचं स्टूल सोडून दाराच्या आत, तिच्याकडे पाठ करून खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, "तुम्ही पाहा. मी लिहितो."

केसपेपरवर नाव लिहायची वेळ आली. सर थोडे थांबले आणि मग लिहिलं, वंदना उमाठे. वय विचारलं, मला. मी तिला विचारलं, तिने मला सांगितलं, मी सरांना. ती दोघं एकमेकांपासून पाच हातांवर होती.

"काम विचारा. किती तास उन्हात?"

"सकाळी आठपासून, भाऊजींना सांगा."

"तोंडाला काय बांधते?"

"दुपट्टा बांधते. पन गाडी आली का शिट्टी वाजवा लागते न, सगळ्यायले हटवाले. म्हून तोंड उघडंच राह्यते. अन् गिट्टी तापली का ऊन खालूनबी लागते."

सरांचं पेन थांबलं. दहा वर्षं ते विद्यार्थ्यांना सांगत होते, ऊन फक्त वरून येत नाही, वाळूतून, पाण्यातून, दगडातून उलटून खालच्या ओठावर येतं. हिला ते कुणी न सांगता माहीत होतं.

"तंबाखू?"

वंदनाताईच्या आधी पिंकीच म्हणाली, "मम्मी गुडाखू करती है ना. दादी भी करती है." गुडाखू म्हणजे तंबाखू-गुळाची लगदी, इथल्या बायका ती दातांना घासतात, आणि ओठाला चोळतात. सर रोज वीस जणींना ती सोडायला सांगायचे. घरात माय करत होती, तेही त्यांना ठाऊक नव्हतं.

मग मी पाहिलं आणि सांगत गेले. "कड, सर, उजवीकडे अर्धी आहे. डावीकडे नाही." "हं." "चट्टा पांढरा, पापुद्रा निघत नाही." "हं." "भेग एक, दाबलं की रक्त." "बोटाला?" "खरखर सगळीकडे. डाव्या बाजूला कडक. हरभऱ्याएवढं." "मानेला?" "एक गाठ, सर. कडक. हलते."

पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सर उठले, दारात आले, आणि तिच्याकडे तोंड करून पहिल्यांदाच सरळ तिच्याशी बोलले. "पोट्टीचे माय, पदर काढ. मले पाहू दे."

तिने पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला. "नाई, भाऊजी. जल्मभर ठेवलं. आता काहून मोडाले लावता?"

मला वाटलं सर रागावतील, रेजांच्या वेळी काढली तशी काही युक्ती काढतील. ते तसेच उभे राहिले. मग मला म्हणाले, "तुम्ही जे पाह्यलं ते खरं. बायोप्सी घ्या. कडक जागेतून घ्या, काठावरून नको," आणि आत गेले. मी घेतली. तिने हूं की चूं केलं नाही. आत सर खिशातलं गॉज काढून आपलाच हात पुसत बसले होते.

रिपोर्ट आला तो सगळ्यांना आधीच माहीत असलेला. नागपूरला ऑपरेशन झालं, ओठाचा अर्धा भाग गेला, मानेतल्या गाठी काढल्या, मग किरणांचे शेक दिले. तिथे दहा परक्या डॉक्टरांनी तिचं तोंड पाहिलं, फोटो काढले, चर्चा केल्या. सर वॉर्डाच्या बाहेर बाकावर बसून असत. वॉर्डात पुरुषांना जाता येत होतं; ते जात नव्हते.

एकदा मी त्यांना धीर करून विचारलं. मायचं एवढं भय होतं का?

ते म्हणाले, "मायचं नाव पुढं करतो मी. पन खरं सांगू? मलेच बरं वाटे. बाहेर मले सगळे डॉक्टर म्हणून मान देतात, उद्या माह्या जागी दुसरा आला तं त्याले देतीन. घरात ते एक माणूस होतं, ते मले मोठा म्हणून मान दे. पदर खाली आला का वाटे, बाबाच्या जागी हावो मी." मग म्हणाले, "त्या मानापायी म्या तिचा ओठ गमावला."

ते खरं होतं, आणि खऱ्याला 'नाही हो सर' म्हणायचं मला जमत नाही.

त्या वर्षी त्यांनी नव्या तुकडीला पहिलं लेक्चर दिलं. मी मागे बसले होते. त्यांनी वंदनाताईचा केसपेपर पडद्यावर दाखवला, नाव झाकून. उन्हाची वर्षं, शिट्टी, गिट्टी, गुडाखू, सगळं सांगितलं. मग एका मुलाने विचारलं, "सर, इसको तीन साल ऑइंटमेंट किसने दिया?" मुलं हसली, सरांचा ट्यूबवाल्याचा एजंट त्यांनी वरच्या वर्गातल्या मुलांकडून ऐकला होता. सर म्हणाले, "मैंने. बिना देखे." आणि न थांबता पुढे म्हणाले, "आज घर जाके सबसे पहले अपने घर वालों के होंठ देखो. बहू के, भाभी के, मां के. जो दिखाने से मना करे, उसको सबसे पहले." आणि पुढची स्लाइड लावली.

पावसाळ्यात गाठ परत आली, या वेळी खोल. मग फुप्फुसात. नागपूरवाल्यांनी घरी न्या म्हणून सांगितलं. वंदनाताई गुढ़ियारीच्या घरीच राहायची म्हणाली, म्हणून माय तिथे राहायला गेली. ज्या मायने तिला जन्मभर पदराआड ठेवलं, तीच तिला चमच्याने पेज भरवत होती, अर्ध्या ओठातून सांडलेली पुसत होती. सर रोज सकाळी ओपीडीच्या आधी तिथे जात, ओसरीवर बसत आणि आतून पिंकी तब्येत सांगे. औषधं बदलायची तर मला घेऊन जात. मी आत जाई, बाहेर येऊन सांगे. एकदा आतून वंदनाताईचा तो फाटका, न कळणारा आवाज आला, माय म्हणाली, "ते म्हनते, भाऊजीनं नाश्ता केला का?" सरांनी नाश्ता केला नव्हता.

ती एका सकाळी गेली. पिंकीचा फोन मला आला. मी पोचले तेव्हा गल्ली माणसांनी भरली होती, तिच्या गँगमधल्या बाया रेल्वेची नारिंगी जाकिटं घालूनच आल्या होत्या. आत तिला आंघोळ घालून, नवं पातळ नेसवून जमिनीवर ठेवलं होतं. सर ओसरीवर उभे होते. सर आत यायला वळले तशी एका बाईने, वर्षानुवर्षांच्या सवयीने, पुढे होऊन तिच्या तोंडावर पदर ओढला. "भासरे हायेत," ती म्हणाली.

माय उशाशी बसली होती. तिने तो पदर स्वतःच्या हाताने मागे घेतला, वाटीतलं गंगेचं पाणी आणि तुळशीचं पान सरांपुढे केलं. "पाह्य रे बाबा," ती म्हणाली. "पाह्य अन् पाणी पाज. आता चालते."

सर गुडघ्यांवर बसले. सगळ्या बाया त्यांच्याकडे पाहत होत्या. उजेड दारातून थेट तिच्या चेहऱ्यावर येत होता. सरांनी वाटी घेतली, पान बुडवलं आणि डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांनीच त्यांनी हात पुढे केला. पाणी ओठांवर पडलं नाही, हनुवटीवरून मानेवर ओघळलं. मायने ते आपल्या पदराने टिपलं, आणि सर उठायच्या आत तिचं तोंड पुन्हा झाकलं.